दुसऱ्यांची हस्तलिखितं असलेला संगणक फॉरमॅट करताना

मी साताऱ्यात घरून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम करते. माझ्या संगणकात माझं स्वतःचं फारसं काही नाही, आहे ते लेखकांचं. छपाईला न गेलेल्या कादंबऱ्या, नाव न ठरलेले कवितासंग्रह, आणि एका बाईंचं आत्मकथन, जे त्यांच्या घरच्यांनीही अजून वाचलेलं नाही. त्यामुळे फॉरमॅट मारायची, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायची, वेळ आली तेव्हा पोटात गोळा आला, तो यंत्राच्या भीतीने नव्हता. हे सगळं कुणाच्या हाती न देता आणि काहीही न हरवता कसं पार पडेल, याची काळजी होती. मराठीत काम करणाऱ्याला जे जे जपावं लागतं, म्हणजे जुने फॉन्ट, कीबोर्ड, वर्डचे शब्दकोश, ते मला एका जागी लिहिलेलं कुठे मिळालं नाही. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते.

संगणक २०१९ चा, ब्रँडेड डेस्कटॉप. आठव्या पिढीचा आय थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सुरू केला की चहा होऊन जाईपर्यंत तयार व्हायचा नाही. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या मोफत सुरक्षा अपडेट थांबल्या. ऑफिस २०१९ चीही मुदत त्याच दिवशी संपली. नेमक्या त्याच आठवड्यात शेवटच्या दिवाळी अंकाची प्रुफं छापखान्यात जात होती, त्यामुळे तेव्हा हात लावायचा प्रश्नच नव्हता. भाऊबीज झाल्यावर या कामाला लागले.

आधी ओळखीच्या दुकानात विचारलं. "फॉरमॅट मारून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून देतो. ८०० रुपये. मशीन ठेवून जा, उद्या संध्याकाळी न्या." माणूस चांगला आहे, पण रात्रभर ती हस्तलिखितं दुकानात राहणार, हे मला पटेना. शिवाय ८०० रुपयांत सगळं टाकून देतात ते क्रॅक केलेलं असतं. ब्रँडेड संगणकासोबत विंडोजचा परवाना आपण आधीच विकत घेतलेला असतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. फॉरमॅट केल्याने ती जात नाही. आपल्याजवळ खरा परवाना असताना क्रॅक केलेली विंडोज कशाला टाकून घ्यायची?

माझा भाचा पुण्यात नोकरीला असतो. दिवाळीत आला होता तेव्हा त्याने कॅबिनेटचं झाकण उघडून आतली मांडणी दाखवली. तो म्हणाला, "मावशी, नुसता फॉरमॅट मारून फार फरक पडणार नाही. तुझी हार्ड डिस्क फिरणारी आहे, तीच रडतेय. एक एसएसडी घे, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, तिच्यावर विंडोज टाक, आणि जुनी डिस्क मग साफ करून डेटाला ठेव." जुनी डिस्क अजून धड आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पाहिलं. वर निळ्या चौकटीत 'गुड' असं आलं. 'कॉशन' आलं असतं, विशेषतः रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या (डिस्कवरच्या खराब जागांच्या) ओळीसमोर, तर ती डिस्क पुन्हा कामाला घेतलीच नसती.

खर्च असा झाला: ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी ३,४०० रुपये, १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क ५,२०० रुपये, ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह ४०० रुपये, साटा केबल आणि एसएसडी बसवायची पट्टी मिळून २५० रुपये. बाहेरची डिस्क घरात असेल तर अर्ध्याहून जास्त खर्च वाचतो. विंडोजसाठी एक रुपयाही लागला नाही.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा बॅकअपमध्ये गेला. खरा वेळ याच कामाला द्यायला हवा. पुष्कळांची समजूत असते की सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी डी ड्राइव्ह सुरक्षित असतो. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात. इन्स्टॉल करताना चुकीच्या ओळीवर टिचकी पडली किंवा डिस्कच बिघडली, तर दोन्ही एकदम जातात. म्हणून डी ड्राइव्हवर ठेवलेल्या प्रतीला मी बॅकअप धरलंच नाही.

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स ही फोल्डर कुणीही घेतो. मी आणखी जे घेतलं ते सांगते.

पहिले फॉन्ट. २०१२ च्या आधीची माझी बरीचशी कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसतं त्या प्रमाण पद्धतीत, नाहीत. श्री-लिपी, आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या काळातली आहेत. त्या फाइलमध्ये आत देवनागरी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट गेला की आख्खी कादंबरी अगम्य खुणांची रांग होऊन बसते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मध्ये जाऊन मी असे सगळे फॉन्ट निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी केले. ज्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (पेन ड्राइव्हसारखी किल्ली) आहे, तो लॉक आणि त्याची मूळ सीडी एकत्र डब्यात ठेवली.

दुसरे वर्डचे शब्दकोश. प्रुफं वाचताना मी वर्षानुवर्षं जे शब्द 'अ‍ॅड टू डिक्शनरी' करत आले, ते एका छोट्या फाइलमध्ये जमा झालेले असतात. ती दडलेली असते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली की आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये 'अ‍ॅपडेटा' दिसतं. त्यात 'रोमिंग', मग 'मायक्रोसॉफ्ट', मग 'यूप्रूफ', आणि तिथे 'कस्टम डिक'. शेजारच्या 'ऑफिस' फोल्डरमध्ये ऑटोकरेक्टच्या याद्या असतात. त्यांच्या नावात भाषेचा क्रमांक असतो: १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, ११०२ म्हणजे मराठी. 'टेम्प्लेट्स'मधली 'नॉर्मल' ही फाइल घेतली, की आपल्या शैली, समास आणि मॅक्रोही येतात. सगळ्यांचा मिळून आकार एका फोटोएवढाही नाही, पण हे गेलं तर परत उभं करायला वर्षं लागतील.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, प्रिंटरचा मॉडेल क्रमांक, ऑफिस कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर घेतलंय तो ईमेल, त्या खात्याचा चालू पासवर्ड, आणि त्याला जोडलेला फोन नंबर अजून आपलाच आहे ना, हे सगळं एका कागदावर लिहिलं. शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ जण अडकतात, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. घरात हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर फॉरमॅटच्या आधी परवाना सरेंडर करून ठेवा आणि डेटाचं फोल्डर वेगळं घ्या.

कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत दोन्ही फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळवला. मग ती डिस्क नवऱ्याच्या लॅपटॉपला लावून वेगवेगळ्या वर्षांतल्या फाइली खरोखर उघडतात का, ते पाहिलं. त्या बाईंचं आत्मकथन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खाली सरकवत पाहिलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

परवान्याची खात्री दोन ठिकाणी केली. 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन'खाली 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलेलं होतं, आणि आवृत्ती 'होम सिंगल लँग्वेज'. भारतात मिळणाऱ्या ब्रँडेड संगणकांवर ही आवृत्ती सर्रास असते. नाव वाचून घाबरू नका. मेनूची भाषा एकच ठेवता येते एवढीच मर्यादा असते. मराठी टाइप करायला, फॉन्टला, काहीही अडत नाही. पण कधी पुन्हा इन्स्टॉल करताना आवृत्ती विचारली गेली, तर हीच निवडायची, नाहीतर परवाना लागू होत नाही.

मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' चालवल्यावर कळलं की विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नाही. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असू शकतं. बायोसमध्ये 'सिक्युरिटी'खाली 'पीटीटी' नावाचा पर्याय होता, तो चालू केला आणि तपासणी हिरवी झाली. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे त्यांनी बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधल्या अशा बदलानंतर संगणक ती मागू शकतो.

७ नोव्हेंबरच्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल उतरवून पेन ड्राइव्ह बूटेबल, म्हणजे संगणक त्यावरून सुरू होईल असा, केला. किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावर आधी जे असेल ते पुसलं जातं. पाचेक जीबी उतरवायचं असल्याने आमच्या इंटरनेटवर बराच वेळ लागला.

शनिवारी, ८ तारखेला, सकाळचं आवरून बसले. संगणक बंद करून वायर काढली, एसएसडी पट्टीवर बसवली, आणि जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवली. भाच्याने हे बजावून सांगितलं होतं: "जुनी केबल काढ, मग काहीही दाब. जे जोडलेलंच नाही ते पुसलं जाणार नाही." याला आणखी एक तांत्रिक कारण आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या, तर विंडोज कधी कधी संगणक सुरू करणारा छोटा भाग जुन्या डिस्कवरच ठेवते. पुढे ती डिस्क काढली वा साफ केली की संगणक सुरूच होत नाही.

विजेचा भरवसा नसतो, म्हणून संगणक यूपीएसवर होता. पेन ड्राइव्ह लावला आणि सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहिले. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. यादीतून पेन ड्राइव्हच्या नावाची यूईएफआय लिहिलेली ओळ निवडली.

पुढचे पडदे भरभर गेले. भाषा इंग्रजी, वेळ आणि चलनासाठी भारत. मग 'इन्स्टॉल विंडोज ११', आणि त्याखाली एक खूण करायची असते: सगळ्या फाइली, अ‍ॅप आणि सेटिंग्ज पुसल्या जातील हे मला मान्य आहे. जुनी डिस्क समोर टेबलावर केबलविना दिसत होती, बॅकअप दुसऱ्या खोलीत कपाटात होता, तरी ती खूण करताना बोट अडखळलं. किल्ली मागितली नाही, आवृत्तीही विचारली नाही. मदरबोर्डवरून त्याने दोन्ही आपोआप ओळखलं. डिस्कच्या यादीत 'डिस्क ० अनअ‍लोकेटेड स्पेस ४६५ जीबी' अशी एकच ओळ होती. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्या ओळीवर 'नेक्स्ट'. एवढंच पुरतं. लागणारे छोटे भाग विंडोज स्वतः पाडते.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट. अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल लॅपटॉपमध्ये इथे यादी रिकामी दिसते. डिस्क बिघडलेली नसते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम) आधीच त्याच पेन ड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'ने दाखवावा लागतो.

एसएसडी असल्याने फाइली कॉपी होण्याचं काम कुकरच्या शिट्ट्या होईतो संपलं. पहिल्यांदा पुन्हा सुरू होताना पेन ड्राइव्ह काढून घ्या, म्हणजे इन्स्टॉल परत पहिल्यापासून सुरू होत नाही.

आता अडचण आली. नव्या विंडोजच्या होम आवृत्तीत पहिल्या मांडणीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, आणि वायफायच्या यादीत एकही नाव दिसेना, कारण वायफायचा ड्रायव्हर अजून आलेलाच नव्हता. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडला, फोनच्या हॉटस्पॉटच्या मेनूत 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं, आणि संगणकाला लगेच जोडणी मिळाली. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ज्यांच्याकडे लॅनची केबल आहे त्यांना एवढंही करायला नको.

खात्यात शिरल्यावर जुना संगणक परत आणायचा का असं विचारतात, तिथे मी नवा संगणक म्हणूनच मांडायचं निवडलं. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याकडे नीट लक्ष द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ते आपोआप स्वतःकडे घेऊ शकतं. मोफत जागा ५ जीबीच असते, आणि माझ्या बाबतीत तर लेखकांच्या फाइली त्यांना न विचारता बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणं मला मान्य नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमधला फोल्डर बॅकअप बंद केला आणि मगच फाइली परत आणायला घेतल्या.

'अ‍ॅक्टिव्हेशन'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' असं दिसलं. दुपारभर अपडेट उतरत राहिल्या. त्यातच वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर आले. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू झालंय का ते बघा. नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलं की ते पुष्कळदा आपोआप चालू होतं. हस्तलिखितांसाठी मला ते हवंच होतं. फक्त रिकव्हरी की छापून घेतली आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावली.

संध्याकाळी मराठीकडे वळले. एक जुनी वर्ड फाइल उघडून पाहिली तर ९६ पानांचं पुस्तक भलतंच वाढलेलं. ते कोकिळा फॉन्टमध्ये होतं. नव्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी फक्त निर्मला तयार असतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे आता ऐच्छिक झाले आहेत. निर्मला त्याच आकड्याला मोठा दिसतो, म्हणून पानं सरकली. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की हे फॉन्ट सोबत येतात. नाही आले तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून घ्यायचे. घेतले आणि पुस्तक पुन्हा ९६ पानांचं झालं. मुद्रितशोधकाने जुनी फाइल त्याआधी सेव्ह मुळीच करू नये.

भाषा जोडली की कीबोर्डही येतो. इनस्क्रिप्ट या प्रमाण मराठी मांडणीवर लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी', इंग्रजी अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक'. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून बदलायचा. माझी चाचणी ठरलेली असते: 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर'. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून येणारा ऱ, मग हलन्त, मग य. हा चंद्रकोरीसारखा र नीट उमटला की मी पुढे जाते.

जुने फॉन्ट टाकताना उजव्या टिचकीने 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर ते फक्त आपल्या खात्यापुरते बसतात आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना दिसतच नाहीत. त्यानंतर शब्दकोश आणि ऑटोकरेक्टच्या फाइली, वर्ड बंद ठेवून, त्यांच्या जुन्या जागी परत नेऊन ठेवल्या.

जुनी हार्ड डिस्क लगेच साफ केली नाही. ती केबलविनाच राहू दिली. दरम्यान एका प्रकाशकांनी २०२१ चा एक दिवाळी अंक परत मागितला. तो बॅकअपमधून काढून पाठवला, प्रिंटर, स्कॅनर, मासिकाची मांडणी असं रोजचं सगळं काम नव्या विंडोजवर करून पाहिलं. २३ नोव्हेंबरच्या रविवारी मात्र ती जोडली.

या पायरीला घाई नको. जुन्या डिस्कवर विंडोजचे छोटे भाग उरतात आणि 'डिस्क मॅनेजमेंट' ते सगळे पुसू देत नाही. म्हणून 'डिस्कपार्ट' या विंडोजच्याच, हुकूम लिहायच्या प्रोग्रॅममध्ये 'लिस्ट डिस्क' लिहून आकार वाचले: एक ४६५ जीबी, दुसरी ९३१ जीबी. ९३१ वाली निवडली, निवडल्यावर पुन्हा 'लिस्ट डिस्क' लिहून तारा तिच्याच पुढे आहे ना ते पाहिलं, आणि मग 'क्लीन'. तो हुकूम खात्री करून घेत नाही, विचारत नाही. नंतर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जीपीटी पद्धतीने सुरू करून एकच मोठा भाग केला, एनटीएफएस, आणि 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढून टाकली.

ती खूण काढणं मला महत्त्वाचं वाटतं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो आणि साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमने परत काढता येतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज सगळीकडे शून्य लिहिते आणि खराब जागाही तपासते. १ टीबीला काही तास लागतात. दुपारच्या जेवणाआधी लावलं ते दिवेलागणीला संपलं. जुनी डिस्क विकणार किंवा कुणाला देणार असाल, तर एवढं तरी कराच. एसएसडीला मात्र ही पद्धत लावू नका. तिच्यासाठी निर्मात्याच्या प्रोग्रॅममधलं 'सिक्युअर इरेज' वापरतात.

आता संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतो. जुन्या डिस्कवर चालू कामांची रोजची प्रत जाते आणि बाहेरची डिस्क आठवड्यातून एकदा जोडून लगेच काढून ठेवते. बूटेबल पेन ड्राइव्ह पुसला नाही, चिठ्ठी लावून ठेवलाय. ज्यांना डिस्क बदलायची नाही, नुसतं स्वच्छ करायचं आहे, त्यांना 'सेटिंग्ज'मधल्या 'रीसेट धिस पीसी'तून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' करता येतं. तिथे पेन ड्राइव्हही लागत नाही. बॅकअपचं काम मात्र तेवढंच.

माझ्या बहिणीचा संगणक सहाव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तिच्या विंडोज १० ला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीची लिंक येते, आवृत्ती २२एच२ लागते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. तेवढ्या काळात नवा संगणक घ्यायचा की लिनक्स टाकायचं, हे ती ठरवेल. फॉन्ट आणि शब्दकोशांची यादी तिने आतापासूनच करायला घेतली आहे. तिचं ऑफिस कोणत्या खात्यावर आहे, ते तेवढं अजून शोधायचं राहिलंय.